‘पाणी भरून झालंय माझं’

प्रिय ताई,

आम्ही चौघं 2003 ते 2007 कराडला इंजिनिअरिंगला होतो. सैदापूरच्या विद्यानगरात ‘मातृछाया’ नावाच्या बैठ्या घरात भाड्यानं राहायचो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पत्र्याची पडवी, मागे मोरी. घरमालकीण काकू पलीकडच्या भागात राहायच्या. मी इचलकरंजीचा, आता चिंचवडला. रत्नागिरीचा ह्यूस्टनला गेला, बार्शीचा बंगळूरला. चौथा आटपाडीचा. तो पहिल्या वर्षी ‘दोन दिवस टेकतो’ म्हणून आला आणि शेवटपर्यंत राहिला, म्हणून तो पाव्हणा. तो गावीच असतो. डाळिंबाची बाग आहे, ठिबकचं दुकान आहे.

इतकी वर्षं झाली, पण आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव अजून ‘मातृछाया’च. पाव्हण्याची अर्ध्या बादलीची आंघोळ, जीटी मारताना फुटलेली काच, भूकंपाचा धक्का बसला त्या रात्री रस्त्यावर काढलेली पहाट. तेच किस्से, तरी दर वेळी पोट धरून हसतो. आता काकू गेल्या आणि मुलानं घर बिल्डरला दिलंय. पाडायच्या आत एकदा तिथं जमायचं मी ठरवलं. ह्यूस्टनवाल्यानं टी-शर्टचं डिझाइन टाकलं: अर्धी भरलेली बादली आणि खाली ‘मातृछाया’. आम्ही हसलो. पाव्हण्यानं लिहिलं, ‘मला शर्ट नको. पाणी भरून झालंय माझं.’ आणि ग्रुप सोडला. फोन उचलत नाही. बार्शीवाला म्हणतो, येईल आपोआप. ह्यूस्टनवाला म्हणतो, इतकं काय मनाला लावून घ्यायचं. बायको म्हणते, चाळिशीत मित्र गळतातच. मला मात्र झोप नाही. आम्ही एवढं काय केलं? ते दिवस खोटेच होते का? घर पडायच्या आत त्याला कसं आणू?

— एक वाचक, चिंचवड

(मूळ पत्र नऊ पानांचं होतं. इथं सार दिलंय; उत्तरात मात्र मी पूर्ण पत्राला धरून बोलणार आहे.)

नमस्कार,

पहिल्यांदा तुमचं पत्र वाचताना मला मजाच आली, हे आधी कबूल करते. जीटीचा किस्सा तर मी घरात मोठ्यानं वाचून दाखवला. ज्यांनी इंजिनिअरिंग केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन बाजूंना पुस्तकांची चळत, तिच्यावर खिडकीची काढलेली काच, काचेखाली पेटता बल्ब. एकानं प्रामाणिकपणे काढलेली ड्रॉइंगची शीट खाली, कोरी शीट वर, आणि रेघेवर रेघ ओढत बाकीचे सबमिशनला तयार. तुमच्या घरची काच सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजता तडकली आणि तुम्ही ती चिकटपट्टी लावून परत खिडकीत बसवलीत. काकूंना चार महिने पत्ता नाही. झकास.

मग दुसऱ्यांदा वाचायला घेतलं, ते पेन्सिल घेऊन. शाळेत पस्तीस वर्षं निबंध तपासलेत, सवय जात नाही. तिघांची नावं तुम्ही पत्रात लिहिली आहेत. रत्नागिरीच्याचं आडनावासकट, बार्शीच्याचं घरातलं लाडाचं नावसुद्धा. मी ती छापणार नव्हतेच, पण तुम्ही लिहिलीत. चौथ्याचं नाव नऊ पानांत एकदाही नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘पाव्हणा’.

आता, आमच्या भागात हा शब्द वाईट नाही. माझं सासर विट्याचं. अनोळखी माणसालाही ‘काय पाव्हणं, कुठलं गाव?’ असंच विचारतात आणि त्यात माया असते. पहिल्या आठवड्यात तुम्ही हाक मारलीत तेव्हा त्यातही ती असणार. पण दोन दिवस टेकायला आलेला पाव्हणा आणि चौथ्या वर्षीही पाव्हणाच राहिलेला माणूस, या दोघांत फरक आहे. ज्या घराचं तुम्हाला इतकं कौतुक, त्या घरात त्याची हाकच ‘तू इथला नाहीस’ अशी होती. तुमच्या मनात तसं काही नव्हतं, हे मला कळतं. पण हाक दिवसाला वीस वेळा त्यालाच ऐकू यायची ना.

पुढे जाऊ. पान तीनवर भाड्याचा हिशेब आहे. घरभाडं दीड हजार. तुम्ही तिघं साडेचारशे-साडेचारशे द्यायचात, तो दीडशे द्यायचा. त्याबद्दल तो स्वयंपाकघरात झोपायचा, पहाटे पाच वाजता नळाला पाणी आलं की उठून पिंप आणि बादल्या भरायचा आणि सकाळचा चहा टाकायचा. तुम्ही लिहिता, ‘हे त्यानंच ठरवलं होतं, आम्ही कधी जबरदस्ती केली नाही.’ माझा विश्वास बसतो. अशा गोष्टी बहुतेक वेळा ज्याला गरज असते तोच ठरवतो, समोरच्याला बोलायची वेळ येऊ नये म्हणून. आणि पान सहावर, अगदी ओझरतं, असं आहे की जीटीच्या खाली असलेली मूळ शीट नेहमी त्याचीच असायची आणि इतर मुलांच्या शीटही तो पैसे घेऊन काढून द्यायचा, रात्र-रात्र, पडवीतल्या बल्बखाली. तुम्ही ते त्याच्या सुंदर हाताचं कौतुक म्हणून लिहिलंय. कौतुक खरंच आहे. मी फक्त एवढं विचारते: तुम्ही तिघं पडवीत पत्ते खेळत असायचात तेव्हा तो त्याच बल्बखाली काम करत होता, हे तुमच्या किस्स्यांत कुठं आहे?

हे सगळं एक वेळ बाजूला ठेवू. चौघांत एखाद्याची परिस्थिती बेताची असणं हे कुठल्याही खोलीत घडतं आणि त्याचा सल कुणी अठरा वर्षं धरून बसत नाही. माझं लक्ष बादलीवर अडकलं.

2003 च्या पावसाळ्यानंतर तो कराडला आला. त्या साली आटपाडी, माण, सांगोला, जत या पट्ट्यात काय चाललं होतं, आठवतंय? तुम्ही इचलकरंजीचे, पंचगंगेच्या काठचे. तुम्हाला आठवायचं कारण नाही. मला आठवतं, कारण आमच्या नात्यातली जनावरं तेव्हा चारा छावणीत होती. गावाला टँकर यायचा. विहिरीत टँकर रिकामा केला की बायका पोहऱ्यानं गढूळ पाणी ओढायच्या, घागरीच्या तोंडाला फडकं बांधून गाळून घ्यायच्या. आंघोळ दिवसाआड, तीही लोखंडी घमेल्यात किंवा परातीत बसून, म्हणजे खाली साठलेलं पाणी झाडाला घालता यायचं. अशा घरातून उठून तो कृष्णेच्या काठी आला. पहाटे नळाला धो-धो पाणी. त्या मुलानं अर्ध्या बादलीत आंघोळ केली, कारण त्याच्या घरी अर्धी बादली म्हणजे चैन होती. तुम्ही त्यावर हसलात. एकदा त्याच्या बादलीत तुम्ही वरून तांब्यानं पाणी ओतलंत आणि तो चिडला, हेही तुम्ही गंमत म्हणून लिहिलंय.

आणि हे पहा, पान सात. 2005 च्या पावसात कृष्णेला पूर आला. ‘कॉलेज बंद, आम्ही झोपा काढल्या, पाव्हणा येडा दिवसभर पुलाकडं जाऊन पाणी बघत उभा. संध्याकाळी पीसीओवरून घरी फोन करून बापाला सांगत होता, आण्णा, पाणी किती आहे म्हणून सांगू.’ तुमचं हे वाक्य मी चार वेळा वाचलं. तुम्ही शेजारी उभे होतात, ऐकत होतात, म्हणूनच इतक्या वर्षांनी शब्दासकट लक्षात आहे. फोनच्या पलीकडं आण्णा काय म्हणाले असतील, हे तेव्हा तुमच्या मनात आलं नाही. विसाव्या वर्षी येतही नाही. पण आता चाळीस झालीत.

अजून एक गोष्ट तुम्ही इंजिनिअर असून पत्रात आली नाही, म्हणून सांगते. तुमच्या सैदापूरपासून जवळच, कृष्णेच्या काठावर टेंभू गाव आहे. तिथून पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडीकडं न्यायची टेंभू योजना तुमच्या कॉलेजच्या दिवसांत रखडत-रखडत चालली होती. त्या पाण्यासाठी आटपाडीत स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं पाणी परिषदा भरायच्या, माणसं ट्रक भरून यायची. या मुलाच्या घरात दर वर्षी हे बोलणं झालं असणार: यंदा टेंभूचं पाणी येतंय म्हणे. आणि तो कुठं राहत होता? टेंभूच्या शेजारी. ज्या पाण्याची घरी वाट बघत होते, ते तो पहाटे पाचला तुमच्या पिंपात भरत होता. हे त्याच्या डोक्यात आलंच असेल असा माझा दावा नाही. पण अर्धी बादली छापलेला टी-शर्ट त्याच्या मोबाइलवर झळकला तेव्हा त्याला नेमकं काय दिसलं असेल, याचा मला थोडा अंदाज करता येतो. आज टेंभूचं पाणी आटपाडीत पोचलंय. तो डाळिंब लावतोय, ठिबक विकतोय. म्हणजे थेंब मोजण्यावरच त्याचं पोट आहे, आणि इतर शेतकरी त्याच्याकडं त्याच गोष्टीचा सल्ला घ्यायला येतात. तुमच्या ग्रुपवर मात्र तो अजून मोरीतच बसलेला.

तुम्ही विचारता, ‘आम्ही एवढं काय केलं?’ एवढं काही नाही. माझंच सांगते, म्हणजे मी उंचावर बसून बोलतेय असं वाटायला नको.

1979 साली मी पुण्यात बी.एड.साठी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत होते. एका खोलीत आम्ही चौघी. खोलीचा विषय निघाला की आजही मी भरभरून बोलते: मेसमधला रविवारचा गोड पदार्थ, जेवणाचा खाडा लावून वाचवलेल्या पैशांत पाहिलेली नाटकं, भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या वेळी ‘अरे आवाज कुणाचा’ म्हणून घसा बसेपर्यंत केलेला आरडाओरडा. माझ्या आठवणीत मी त्या खोलीतली सगळ्यात दिलदार मुलगी. पंचवीस वर्षांनी चौघींतली एक लग्नात भेटली. मी किस्से सुरू केले. तिनं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, ‘तू हॉर्लिक्सच्या बाटलीत साखर ठेवायचीस आणि बाटलीला बाहेरून कागदाची पट्टी चिकटवायचीस. साखर कुठपर्यंत आहे त्याची खूण. रोज पट्टी खाली सरकायची.’ मी म्हटलं, छे! मी? आणि त्याच क्षणी मला ती पट्टी दिसली, वहीच्या समासाची, लाल रेघ असलेली. साखर महाग होती, माझे वडील मोजून पैसे पाठवायचे, सगळं खरं. पण खोलीत साखर चोरण्याइतकी गरीब एकच मुलगी होती, आणि पट्टी कुणासाठी आहे हे चौघींनाही माहीत होतं. गंमत बघा, मेसमधला गोड पदार्थ तिला आठवतच नव्हता. ती रविवारी मेसला यायचीच नाही, त्या दिवशी ताटाला जादा पैसे पडायचे.

त्या संध्याकाळी मी काय केलं असेल? रडले, तिचे हात धरले, ‘माफ कर गं’ म्हणून चार वेळा म्हटलं. ती बिचारी मलाच समजावत बसली, मंगल कार्यालयाच्या जिन्यात, हातात आइस्क्रीमची वाटी. ती चूक तुम्ही करू नका. तुमचा अपराधीपणा उचलायचं कामही त्याच्याच अंगावर टाकू नका. पाणी भरून झालंय त्याचं.

मग करायचं काय? आधी ते घराचं वेळापत्रक डोक्यातून काढा. ‘पाडायच्या आत’ ही घाई तुमची आहे, त्याची नाही. बिल्डरची तारीख दाखवून त्याला बोलावलंत तर तो फार तर भिडेखातर येईल, फोटोत उभा राहील आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून जाईल. घर पडू दे. जुन्या खिडक्या-दारं विकायला निघतील तेव्हा आठवण म्हणून काही घ्यावंसं वाटलं तर काकूंच्या मुलाला विचारून घ्या. एवढंच घराबद्दल.

ग्रुपवर माफीचा मजकूर टाकू नका. ग्रुपचं नाव बदलून ‘सॉरी’ वगैरे करू नका (बार्शीवाल्यानं सुचवलंय असं दिसतं, त्याला प्रेमानं गप्प करा). त्याला परत ग्रुपवर घेण्याची खटपट तर अजिबात नको. ह्यूस्टनवाल्याला समजवायला आत्ता वेळ घालवू नका. तिकडून बादलीतलं पाणी दिसत नाही. टी-शर्ट छापले असतील तर घरात पुसायला वापरा.

तुम्ही आटपाडीला जा. एकटे. चिंचवडहून कराडपर्यंत हायवे, मग विट्यावरून भिवघाट आणि पुढे आटपाडी. पत्रात तुम्ही लिहिलंय की अठरा वर्षांत तो तुमच्या लग्नाला आला, ह्यूस्टनवाल्याच्या आईच्या तेराव्याला आला, तुमच्या मुलाच्या बारशाला दोन पेट्या डाळिंब घेऊन आला. त्याच्या गावी तुमच्यापैकी कोण, किती वेळा गेलं? पत्रात उल्लेख नाही. म्हणजे एकदाही नाही, असं मी धरते. चूक असेल तर आनंद वाटेल.

तिथं गेल्यावर किस्से काढू नका. ‘तुला आठवतं का’ हे तीन शब्द आटपाडीच्या वेशीबाहेर ठेवून जा. दूर राहणाऱ्या मित्रांचं एक होतं: रोजचं बोलणं संपलेलं असतं, म्हणून तेच चार किस्से घासूनपुसून वापरावे लागतात, आणि घासता-घासता किश्श्यातला माणूस नुसता सोंग उरतो. तुमच्याकडं त्याच्या आजच्या आयुष्याबद्दल किती माहिती आहे? बाग किती एकर, बहार कुठला धरतो, डाळिंबावर तेल्या रोग पडला होता का, मुलं कितवीत, आण्णा आहेत का? पत्रात यातलं काहीच नाही. ते विचारा. बाग दाखव म्हणा. तो दाखवेल. बागवाल्याला कुणी बाग बघायला आलं की राग धरून बसणं जमत नाही, हे मी सासरच्या अनुभवावरून सांगते.

आणि एखाद्या वेळी, जेवताना किंवा बांधावर, त्याच्या बाजूनं जागा झाली तर पुराची गोष्ट विचारा. एवढी एकच. ‘त्या दिवशी पुलाजवळ तू काय बघत होतास?’ मग मध्ये बोलू नका. ‘आम्ही लहान होतो रे’ म्हणू नका. तोही तेवढाच होता. तो जे सांगेल ते तुमच्या आठवणीशी जुळणार नाही. जुळवायला जाऊ नका. कदाचित माझे सगळे अंदाज चुकीचे निघतील आणि त्याला राग भलत्याच गोष्टीचा असेल, दिलेले पैसे परत न आल्याचा किंवा तुम्ही कुणी बोललेल्या एखाद्या शब्दाचा. तेही ऐका. पैसे निघाले तर तिथल्या तिथं द्या, व्याजाचा विनोद न करता.

‘ते दिवस खोटे होते का?’ नाही हो. पान आठवर भूकंपाची रात्र आहे. कोयनेचा धक्का बसला, भांडी वाजली, सगळी गल्ली रस्त्यावर. कराडकरांना याचं फार काही नसतं, 1967 च्या मोठ्या भूकंपानंतर छोटे धक्के त्यांच्या अंगवळणी पडलेत. पण तुम्ही नवे, चड्डीवर पळालात. आणि तो उलट आत गेला. का, तर तुमची शीट आत राहिली होती, ओली शाई, सकाळी सबमिशन. ड्रॉइंग बोर्डासकट डोक्यावर घेऊन बाहेर आला. मग काकूंनी रस्त्यावरच चहा केला आणि एका सोलापुरी चादरीत चौघं पहाटेपर्यंत बसलात. हा किस्सा तुम्ही ‘येडा पाव्हणा’ म्हणून सांगता. तो किस्सा माझ्याजवळ असता तर मी वेगळा सांगितला असता. त्या चादरीत तोही होता, आणि तेव्हा तो खूश नव्हता असं मला वाटत नाही. पण ते त्याच्याकडून ऐका. मी कोण सांगणार?

तो ‘येऊ नका’ म्हणाला तर? मग जाऊ नका. वर्षभरानं पुन्हा विचारा. दिवाळीला साधं पत्र टाका, पोस्टानं. बाकी दोघांना भेटायचं असेल तर खुशाल भेटा, कराडला जा, प्रीतिसंगमावर बसा, हायवेला अख्खा मसूर खा. फक्त चौथ्याच्या नावानं रिकामी खुर्ची ठेवून फोटो काढू नका. आणि बायकोला सांगा, चाळिशीत मित्र गळतात हे खरं, पण हा गळलेला नाही, उठून गेलाय. दोन्हींत बराच फरक आहे, आणि माझ्या मते तो तुमच्या फायद्याचा आहे.

जायच्या आधी फोन करा. तोडणी-फवारणीच्या दिवसांत करू नका. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या सुमाराला करा. तुमचा नंबर उचलत नसेल तर दुकानाच्या नंबरवर करा, ठिबकच्या दुकानाला पाटी असते आणि पाटीवर नंबर असतो. उचलला की आधी त्याचं नाव घ्या. नुसतं नाव, आडनाव लावू नका, हजेरी घेतल्यासारखं वाटतं. एकदा घरात मोठ्यानं म्हणून बघा, सवय नाही तुम्हाला.